टाकायचं पाणी

एग्मोरच्या त्या घराचं दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. बाई चपला काढायच्या जागेशी उभ्या राहायच्या, माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आणि विचारायच्या, "आज बाहेर काय दिसलं?" पहिल्या दिवशी मी घाबरून म्हटलं, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटायचं, ही परीक्षा असणार, आणि परीक्षांशी माझं कधीच जमलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, तांबरमपासून इथवर रेल्वेनं पाऊण तास येतेस आणि काहीच दिसत नाही असं कसं होईल? रागानं नाही म्हणाल्या. खरंच नवल वाटल्यासारखं म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं, तमिळ दोघींचं बाजारापुरतं. बाकीचं आम्ही हातांनी बोलायचो. मी इथं त्यांचं बोलणं सरळ मराठीत लिहिते आहे, कारण माझ्या कानात ते तसंच राहिलं आहे.

त्यांचं नाव कियोको. त्यांचे यजमान एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून जपानहून आलेले. माझा दादाही अशाच एका कारखान्यात कामाला, फक्त तो नटबोल्टच्या बाजूला. बार्शीजवळच्या आमच्या गावाहून मी चेन्नईला आले ती वहिनीच्या बाळंतपणासाठी. आईला संधिवातानं धरलं तेव्हा सातवीतून माझी शाळा सुटली होती आणि घरातलं पीठ, पाणी, चूल माझ्याकडे आली होती, त्यामुळे कुणाच्याही घरी काम निघालं की मला धाडायचे. बाळ रांगायला लागलं तशी दादाच्या एका खोलीत माझी अडचण व्हायला लागली. दादा काही बोलला नाही, पण दिवाळीला गावी जाशील तेव्हा तिकडेच राहा, असं वहिनीच्या तोंडून एकदा निघालं. गावी परत जाणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तिथं मी सातवीतून घरी बसलेली पोर होते, आणि मरेपर्यंत तीच राहिले असते.

वाट काढली ती घरमालकीण अंबक्कानं. अंबक्का तंजावरकडच्या मराठी माणसांतली. साठी उलटलेली, नाकात दोन्ही बाजूंना खडे, नऊवारीसारखं पण वेगळंच नेसायची. तिची मराठी ऐकून मी पहिले आठ दिवस हसू दाबत होते. पोथीतली बाई घरात चालत आल्यासारखं वाटायचं, मधेच तमिळ. तिचे यजमान निवृत्त होईपर्यंत एका कचेरीत हिशेबनीस होते. त्या ओळखीतून तिला कळलं की एका जपानी बाईला स्वयंपाकघरात हात हवा आहे, आणि हात स्वच्छ व हलका हवा. तिनं माझ्या पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. ती मला घेऊन गेली, बाईंना माझे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवले आणि येताना गाडीत म्हणाली, "माझ्या शब्दावर ठेविली आहे गे तुजला. माझा शब्द पाडू नको." दादानं गावी पत्र लिहिलं, सुमन कामाला लागली. वडिलांनी ते पत्र शेजारपाजारी चार जणांना वाचून दाखवलं, असं आईनं कळवलं. तेव्हापासून रोज सकाळी गाडीत बसताना मला वाटायचं, की आज काहीतरी चुकेल आणि ते पत्र खोटं ठरेल.

घरात तशी कामं थोडी, पण बाईंचा जीव होता तो मिठायांत आणि चहात. चहा म्हणजे आपला नव्हे. शेवाळासारखा हिरवा, बारीक पूड केलेला, जाडजूड वाडग्यात गरम पाणी घालून बांबूच्या छोट्या रवीनं घुसळायचा. साखर नाही, दूध नाही. पहिला घोट घेतला तेव्हा मला पाडव्याचा कडुनिंब आठवला. पण त्याच्या आधी मिठाई खायची. आपल्याकडे पाडव्याला कडू आधी आणि गोड मागून, त्यांच्याकडे उलट. ती मिठाई एकच असायची. ताटभर नाही, आग्रह नाही. लिंबाएवढा एक गोळा, घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर, शेजारी लाकडाची एक काडी. काडीनं कापायचं, सावकाश खायचं, तोंडात गोडवा असतानाच तो कडू चहा प्यायचा. मग कडू हे कडू राहायचंच नाही. मला हे कळायला महिना लागला, आणि कळलं त्या दिवशी मी गाडीत दादाचा डबा विसरून आले.

आणि तो गोळा किती तऱ्हांचा. आमचं पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, यांचं लाल चवळीसारख्या दाण्याचं नाहीतर पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्याचं. शिजवायचं, चाळणीतून गाळायचं, साखर घालून तांब्याच्या पातेल्यात लाकडी कालथ्यानं आटवायचं. वेलदोडा नाही, जायफळ नाही. आधी मला ते बिचारं वाटलं, उघडं पडल्यासारखं. मग कळलं की दाण्याची स्वतःची चव राखायची म्हणून ते तसं. पांढऱ्या पुरणात तांदळाच्या पिठाचा शिजवलेला चिकट गोळा मळून घेतला की ते मेणासारखं मऊ व्हायचं. मग बाई बसायच्या. गुडघे मोडून, पाठ सरळ. डाव्या तळव्यावर गोळा, उजव्या हातात तीन कडांची लाकडी पट्टी. एक वळण, एक रेघ, अंगठ्याचा एक दाब, आणि फूल व्हायचं. मी आयुष्यभर मोदकाला कळ्या पाडत आलेली, मला वाटत होतं माझे हात चांगले आहेत. त्यांच्या हातांकडे बघून मी माझे हात पाठीमागे धरले. आजही मोदक वळताना मी पाठ सरळ करते. लेक हसते, म्हणते आई देवळात बसलीय.

प्रत्येक मिठाईला नाव असायचं, आणि ते नाव त्या दिवसांचं असायचं. त्यांच्या गावी चार ऋतू, प्रत्येक ऋतूत दर पंधरवड्याला वेगळं फूल, वेगळं पान, वेगळं धुकं. चेन्नईत आल्यावर बाईंची पंचाईत झाली. इथं उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि थोडा पाऊस. म्हणून त्या मला विचारत होत्या. त्यांना बाहेर फिरायला फार मिळायचं नाही, साहेबांची गाडी, बंद काचा. माझ्याकडे पाऊण तासाची उघडी खिडकी होती. मग मी बघायला लागले. पल्लावरमच्या टेकडीवर ढगाची सावली कशी सरकते. सैदापेटला नदीकाठी धोब्यांनी वाळत घातलेल्या चादरी. रस्त्यावर पडलेल्या पिवळ्या फुलांवरून झाडू फिरल्याच्या रेघा. मी सांगायची, बाई एका लहान वहीत लिहून घ्यायच्या, आणि चार दिवसांनी त्या रेघा मिठाईवर दिसायच्या. सातवीतून सुटलेल्या मुलीचं बोलणं कुणी वहीत उतरवून घेतं, हे मी दादाला सांगितलं नाही. त्याला वाटलं असतं मी फुशारकी मारते.

त्या वर्षी उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल होते. तांबरमला आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी एक दिवसाआड यायची, आणि रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग कोपऱ्यापर्यंत जायची. अंबक्का रोज पहाटे दारात एका तांब्याचाच सडा घालायची आणि त्या ओल्यावर कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढायची. कुणी म्हटलं, या दिवसांत सडा कशाला, तर म्हणायची, दारास तहान नसते का? मी तर दुष्काळी गावातली. पाणी सांडलं तर आई धपाटा घालायची. आणि बाईंचं पांढरं पुरण म्हणजे पाण्याचाच खेळ. दाणे उकळायचे, पहिलं पाणी ओतून द्यायचं. पुन्हा उकळायचे, पुन्हा ओतायचं. शिजलेलं गाळून थंड पाण्यात सोडायचं, साका खाली बसला की वरचं गढूळ पाणी ओतायचं, असं तीनदा. मग फडक्यात पिळायचं. प्रत्येक ओतण्याला माझा हात आखडायचा. आमच्याकडे पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी म्हणजे येळवणी, त्याचीच तर आमटी. पुरणपोळी एक वेळ राहील, येळवणीची आमटी राहणार नाही. म्हणून मी ते दुसऱ्या उकळीचं पाणी गुपचूप स्टीलच्या डब्यात भरून तांबरमला न्यायची. वहिनी आमटी करायची, सगळे ओरपायचे. मी मात्र घास गिळताना विचार करायची, ही चोरी तर नाही? टाकलेलं घेणं चोरी असतं का? हे विचारायचं कुणाला?

अशात बाईंच्या चहाच्या गुरू जपानहून येणार असं ठरलं. ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई, बाईंनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांच्याकडे चहा शिकलेला. बाई आठवडाभर आधीपासून बदलल्या. वाडगे पुसून पुन्हा पुसायच्या. पांढरे दाणे त्यांनी गावाहून आणले होते, त्यातले शेवटचे किलोभर या दिवसासाठी राखलेले. आदल्या दिवशी सकाळी त्या विमानतळावर निघाल्या आणि दाण्यांचं पातेलं माझ्यावर सोपवलं. "तुला येतं," एवढंच म्हणाल्या. माझ्याएवढ्या भित्र्या माणसाला असं म्हणू नये.

मी एकटी. नळाला पाणी नाही, टाकीत तळाला थोडं. पातेल्यात ते शेवटचे दाणे. माझ्या डोक्यात काय आलं ते आजही तसंच आठवतं, की एवढी मोठी पाहुणी, एवढे मोलाचे दाणे, त्यांची चव मी मोरीत कशी ओतू? बाई दर वेळी अर्धी चव टाकतात, हे मला मनातून वाटतच होतं. त्यांना कुणी येळवणी शिकवली नाही. मी पहिलं पाणी ठेवलं. दुसरंही ठेवलं. गाळल्यावर धुतलंच नाही, सगळं एकत्र आटवलं. चांगलं करायच्या हेतूनंच केलं, हे लिहिताना अजून लाज वाटते. पुरण झालं ते मातकट पिवळं, कच्च्या शेंगांचा उग्र वास आणि खाल्ल्यावर जिभेला ओढ बसेल असं. तळव्यावर घेतलं तर गोळा होईना, चिकटून राहिला.

दुपारी बाई गुरूंना हॉटेलवर पोचवून आल्या. मी दारातच सांगितलं. लपवायला धाडस लागतं, ते माझ्यात कधीच नव्हतं. त्यांनी बोटानं चाखलं.

"पाणी?"

"टाकलं नाही."

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे मराठीत होतं. आई, दुष्काळ, लॉरी, येळवणी, आमटी. इंग्रजीत दोनच शब्द सुचले. चांगलं पाणी, असं मी म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून बसल्या. ओळखीच्या जपानी बायकांना एकेक करून फोन केले. कुणाकडेच दाणे नव्हते. फळं ठेवू, असं त्या शेवटी स्वतःशीच म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

तांबरमला उतरून मी सरळ अंबक्काच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तिचा शब्द कसा पाडला ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाणी जपलेंस आणि दाणा घालविलास. वा गे शहाणी." मी रडायला लागले तशी उठून आत गेली आणि डबा घेऊन आली. आत मोच्चै, म्हणजे आपला वाळलेला पावटा, पिवळसर पांढरा. तिच्या सासरकडे तो भिजवून, चिमटीत धरून सालीतून पिळून काढतात, आत हस्तिदंती डाळ निघते. तिनं सगळा भिजत घातला. तिच्या वाटणीच्या घागरीतलं पाणी होतं ते. उजाडायच्या सुमारास ती, वहिनी आणि मी ओट्यावर बसून पावटे पिळत होतो. दाणा सुटकन निसटून वहिनीच्या बाळाच्या अंगावर उडाला की ते खिदळायचं, आणि अंबक्का त्याला म्हणायची, पोदुम, पुरे, तुझ्या आत्याची नोकरी आहे ती. भिजवलेलं पाणी मी भांड्यात धरून ठेवलं होतं. अंबक्कानं माझ्या हातातून भांडं घेतलं आणि शेवग्याच्या बुडाशी उलटं केलं. "हें असें," म्हणाली. "हात कांपतो का? नाही. मग ओत."

डबा मांडीवर घेऊन मी एग्मोरला पोचले. दार उघडलं. बाईंनी पिशवी घेतली आणि आत वळल्या. त्यांनी विचारलं नाही, बाहेर काय दिसलं.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं नाही. मी चपला काढत तशीच वाकून राहिले. मला कळलं की झालं, संपलं. ज्या माणसाला ठेवायचं नाही त्याला कशाला विचारायचं की रस्त्यात काय पाहिलंस. तरी डबा होता. मी तो ओट्यावर ठेवून उघडला. बाईंनी एक दाणा उचलला, मोडला, हुंगला, चावला. पुन्हा एक चावला. मग पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि हाताची घडी घालून शेजारी उभ्या राहिल्या.

मी उकळलं आणि ओतलं. पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. हात आखडला, पण ओतलं. गाळून थंड पाण्यात सोडलं. पहिलं पाणी ताकासारखं, दुसरं ताकाच्या निवळीसारखं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. तेव्हा मला दिसलं की चव पाण्याबरोबर जात नव्हती. जात होता तो उग्रपणा, दाण्याचा रागच म्हणा. खाली राहत होतं ते एवढं पांढरं आणि शांत होतं की मी बघतच राहिले. तिसरं पाणी ओतताना मात्र मी थांबले आणि बाईंना खुणेनं विचारलं, हे एवढं ठेवू? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली.

रंग घालायला, पाकळ्या पाडायला वेळ नव्हता. बाईंनी ओलं फडकं घेतलं, त्यात गोळा ठेवून वरून एक पीळ दिला आणि सोडला. फडक्याच्या चुण्या त्या पांढऱ्यावर उमटल्या, बस. पाच त्यांनी केले, मग फडकं माझ्या हातात दिलं. उरलेले मी केले. पाहुण्या यायच्या आधी त्यांच्याकडे वाटेवर पाणी शिंपडतात, हे मी पूर्वी पाहिलं होतं. त्या दिवशी टाकीतलं पाणी पुरण धुण्यातच संपलं होतं. मी ते राखलेलं तिसरं पाणी तांब्यात घेतलं आणि दारासमोरच्या फरशीवर सडा घातला, अंबक्का घालते तसा, हात लांब करून. बाई बघत होत्या.

गुरू आल्या. चिमणीएवढी बाई, करड्या रंगाचा किमोनो, काठी. ओल्या फरशीपाशी क्षणभर थांबल्या. आत बसल्यावर खोलीत एवढी शांतता की किटलीतलं पाणी कुजबुजत असलेलं ऐकू यायचं. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी. त्यांनी मिठाई काडीनं कापली, खाल्ली. चहा घेतला, वाडगा फिरवून बघितला. मग रीतीप्रमाणे विचारलं, आजच्या मिठाईचं नाव काय? पाहुण्यानं विचारायचं आणि यजमानानं सांगायचं, अशी ती रीत. बाईंनी वळून मला हाक मारली, नावाला त्यांचं मानाचं 'सान' जोडून.

"सुमनसान. तू केलंस. तू नाव सांग."

मी पडद्याबाहेर आले. समोर उघडं दार, आणि दाराबाहेर फरशी अजून कुठं कुठं ओली. मी म्हटलं, सडा. म्हणजे काय, हे बाईंनी विचारलं, आणि मी दोन्ही हातांनी करून दाखवलं, सकाळ, दार, पाणी, येणारा माणूस. बाई गुरूंशी बराच वेळ बोलल्या. त्यात एकदा 'तांबरम' ऐकू आलं, एकदा लॉरी. म्हाताऱ्या बाईंनी दाराकडे पाहिलं, मग दोन्ही तळवे जमिनीला टेकवून मला नमस्कार केला. मी एवढ्या घाईनं वाकले की कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. ते टेंगूळ चार दिवस होतं.

पण संध्याकाळी निघताना बाई काहीच बोलल्या नाहीत. दमल्या होत्या, वाडगे पुसत होत्या. एक मिठाई कागदात घडी घालून माझ्या हातात दिली, एवढंच. ती मी अंबक्काला नेली. तिनं विचारलं, "ठेविली का तुजला?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तिनं काडीबिडी न घेता अर्धी तोंडात टाकली, अर्धी मला दिली. "साखर कमी," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दाणा आमचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत खिडकीशी बसले, पण मान वर केली नाही. म्हटलं, कुणी विचारणारच नसेल तर बघून काय करायचं. दार उघडलं. बाईंनी माझी पिशवी घेतली, कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"आज बाहेर काय दिसलं?"

टेकडी, नदी, चादरी, मी काहीच पाहिलं नव्हतं. मग आठवलं, निघताना पाहिलं होतं. ओट्याखाली, शेवग्याच्या बुडाशी.

"मुंग्या," मी म्हटलं. "काल पाणी टाकलं, तिथं मुंग्या. मोठी रांग."

बाईंनी वही उघडली.